वीड पुलर: श्रमदानातलं सगळ्यांचं लाडकं अवजार, पण प्रत्येक झाडासाठी नाही

राष्ट्रीय उद्यानात परकी आक्रमक झाडं काढायच्या श्रमदानाला अवजारं मांडली की पहिला हात जातो तो वीड पुलरकडे. छातीएवढा उंच पोलादी दांडा, खाली दातेरी जबडा, जबड्यामागे जाड तळपट्टी. दांडा ओढला की जबडा खोडाला चावतो आणि झाड मुळासकट वर येतं. कुदळीने खणत बसायचं काम अर्ध्या मिनिटात होतं, त्यामुळे लोक त्याच्यावर खूश असतात ते उगाच नाही. पण दुपारपर्यंत तोच पुलर घाणेरीच्या जुन्या जाळीत अडकलेला दिसतो, तिघंजण दांड्याला लोंबकळत असतात आणि खोड जमिनीलगत कडकन मोडतं. पुढच्या पावसात त्याच जागी पाच-सहा फुटवे.

आमचं मत आधीच सांगतो. एकखोडी, कोवळ्या, करंगळीपेक्षा जाड आणि मनगटापेक्षा बारीक झाडांसाठी, ओल्या जमिनीत, याच्यासारखं अवजार नाही. बहुखोडी झुडपांसाठी ठीकठाक. उभ्या उतारावर, ओढ्याच्या काठावर आणि उन्हाने भाजलेल्या जमिनीत हा गाडीतच राहिलेला बरा. वर्षभराने त्या जागी काय उगवलेलं दिसतं यावर आम्ही अवजाराला गुण देतो. संध्याकाळी किती मोठा ढीग पडला, याला आमच्या लेखी फारशी किंमत नाही.

या प्रकारातलं सर्वांत नावाजलेलं अवजार म्हणजे अमेरिकेतलं ‘वीड रेंच’. त्याचं उत्पादन बंद झालं. आता एक्स्ट्रॅक्टिगेटर, पुलरबेअर, अपरूटर अशा नावांनी तशीच अवजारं मिळतात, आणि नमुना बघून फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलेलीही पुष्कळ असतात. जबड्याची आणि तळपट्टीची रचना थोडी इकडेतिकडे, तत्त्व एकच. त्यामुळे पुढचं सगळं कुठल्या एका कंपनीच्या मालाबद्दल नसून या जातीच्या अवजाराबद्दल आहे.

तत्त्व साध्या तरफेचं. दांडा १५० सेंमी आणि टेकूपासून जबडा १२ सेंमीवर धरला तर जोर साधारण बारा पटीने वाढतो. घर्षणात जाणारा भाग सोडला तर २० किलोच्या ओढीला खोडावर जवळपास अडीचशे किलोची ओढ बसते. शिवाय जितकं ओढाल तितका जबडा जास्त आवळतो, वेगळं घट्ट करावं लागत नाही. याचीच दुसरी बाजू अशी की हा जोर मुळाला जाईल की खोड मोडायला जाईल, हे पुलर ठरवत नाही. ते ठरतं जबडा कुठे लावलाय यावर आणि जमिनीच्या ओलीवर.

ओल म्हणजे चिखल नव्हे. पाऊस पडून गेल्यावर वापसा आलेली जमीन सगळ्यात उत्तम: माती मुळांना सोडते, पण तळपट्टीला टेकू देण्याइतकी घट्ट असते. भर पावसात तळपट्टी मातीत रुतते आणि झाडाऐवजी पुलरच खाली जातो. तेव्हा पट्टीखाली साधारण ३० बाय २० सेंमीची, दोन-तीन सेंमी जाड फळी टाकायची. ही फळी प्रत्येक पुलरसोबत बांधलेली असावी. बहुतेक ठिकाणी ती नसते आणि मग लोक जवळचा दगड शोधतात. दगड निसटतो, दांडा फिरतो आणि हनुवटीला लागतो. फळीच घ्या.

आता झाडाला पुलर लावताना. आधी खोडाभोवतीचा पालापाचोळा हाताने नाही, काठीने किंवा खुरप्याने बाजूला करा, कारण खाली विंचू, साप, गांधीलमाशीचं पोळं असू शकतं. मातीचा वरचा थर इतका खरवडा की खोड जिथे मुळात शिरतं ती जागा दिसेल. जबडा तिथे, अगदी मातीला टेकवून. हाताला सोयीचं म्हणून पाचोळ्याच्या वर, वीतभर उंचीवर जबडा लावला की खोड वाकतं आणि मोडतं. मोडण्याच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं. सुरुवातीला दांडा झाडाकडे झुकलेला आणि तळपट्टी तुमच्या बाजूला हवी. एक पाय मागे, गुडघे किंचित वाकलेले. मग दांडा स्वतःकडे आणि खाली, सावकाश. मुळं तटतटल्याचा आवाज येऊ लागला की ओढ धरून ठेवून क्षणभर थांबा, बारीक मुळांना सुटायला वेळ मिळतो. हिसका दिला की साल सोलून निघते, जबड्यात ओली चोथट साल अडकते आणि पुढच्या खेपेला पकड घसरते. दांडा जमिनीपर्यंत आला आणि झाड अर्धंच वर आलं तर ओढाताण करू नका. जबडा सोडा, आणखी खाली लावा, तळपट्टीखाली फळी वाढवा आणि दुसऱ्यांदा ओढा. एखादं आडवं मूळ हटतच नसेल तर नव्वद अंशांत फिरून दुसऱ्या बाजूने ओढून बघा, नाहीतर ते मूळ करवतीने कापा.

दांड्याला पाइप जोडून लांबी वाढवायची युक्ती कुणीतरी काढतंच. करू देऊ नका. दांडा वाकतो, नाहीतर तळपट्टीच्या वेल्डिंगला चीर जाते, आणि ती चीर पुढच्या कुणाच्या तरी अंगाशी येते. दोघांनी मिळून दांड्याला लटकणं म्हणजे तोच प्रकार. एका माणसाच्या ओढीला जे झाड येत नाही ते पुलरचं झाड नाही, एवढं धरून चालावं. आणि ओढणाऱ्याच्या मागे कुणी उभं राहू नये. मूळ अचानक सुटलं की माणूस दोन पावलं मागे फेकला जातो. उतारावर ओढायचंच असेल तर उताराला आडवं ओढा, तोंड वर किंवा खाली करून नाही.

माणसांची वाटणी हा पुलरचा न सांगितला जाणारा भाग. एका पुलरमागे तिघं लागतात: एकजण पाचोळा आणि खालच्या फांद्या साफ करतो, दुसरा ओढतो, तिसरा मुळांची माती झटकून झाड बाजूला ठेवतो आणि खड्डा बुजवतो. वीस-पंचवीस मिनिटांनी अदलाबदल. प्रत्येकाला एकेक पुलर दिला तर सगळे ओढतात आणि खड्डे तसेच राहतात. मोठ्या आकाराच्या पुलरचं वजन आठ-दहा किलो असतं. वाहनापासून कामाची जागा दूर आणि चढाची असेल तर तिथे पोचेपर्यंतच खांदे भरून येतात. अशा ठिकाणी मोठा एक आणि मध्यम दोन, हे प्रमाण बरं पडतं.

खड्डा बुजवण्याबद्दल थोडं जास्त, कारण पुलरची खरी उणीव इथे आहे. झाड उपटलं की घमेलंभर माती उलटते. त्या मातीत वर्षानुवर्षं पडून असलेल्या बिया असतात आणि उजेड मिळाला की त्या उठतात. सुबाभळीच्या बीचं कवच इतकं टणक असतं की ते मातीत कित्येक वर्षं तग धरतं. गाजरगवताला तर उघडी, हलवलेली माती म्हणजे आमंत्रणच. म्हणून माती पुन्हा ढकलून पायाने घट्ट दाबायची आणि बाजूला केलेला पाचोळा त्यावर परत पसरायचा. एका झाडामागे पाऊण मिनिटाचं काम आहे. ते टाळलं की पुढच्या हंगामात एका झाडाच्या जागी रोपांचा गालिचा मिळतो. ओढ्याच्या काठावर आणि तीव्र उतारावर आम्ही पुलर नको म्हणतो तेही यासाठीच. तिथे मुळं माती धरून असतात, आणि उपटलेल्या झाडाबरोबर काठही सुटतो. तिथली झाडं कापून खुंटावर लगेच, काही मिनिटांच्या आत, सालीलगतच्या कडेला तणनाशक लावण्याची पद्धत आहे. पण ते काम परवानगी आणि प्रशिक्षण असलेल्या कर्मचाऱ्यांचं. स्वयंसेवकाच्या हातात कुणी तणनाशकाची बाटली देत असेल तर नम्रपणे परत करावी.

कोणत्या झाडाला पुलर लावायचा, हे झाडाचं मूळ कसं आहे त्यावर.

सुबाभूळ हे पुलरचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक. सरळ एक खोड, खाली लांब सोटमूळ, तीन सेंमी जाडीपर्यंत वापशाच्या जमिनीत सटकन येतं. त्यापुढे सोटमूळ तुटायला लागतं. आणि सुबाभूळ नुसती कापून उपयोग नाही, खुंटातून जोमाने फुटते, त्यामुळे या आकारात उपटणंच बरोबर. इथे पुलरला पाचपैकी पाच. धोका एकच, ओळखीचा. लहानपणी सुबाभूळ, खैर आणि शिरीष यांची पिसासारखी पानं घाईत सारखीच दिसतात. फांदी बोटांत धरून बघा: खैराला पानाच्या बुडाशी वाकड्या काट्यांची जोडी असते, सुबाभळीला काटा नाही. शिरीषाच्या पर्णिका रुंद आणि मोठ्या, सुबाभळीच्या अरुंद आणि जेमतेम एक-दीड सेंमी लांब. पुलर इतका झटपट चालतो की चूक कळेपर्यंत चार स्थानिक रोपं ढिगात गेलेली असतात. कुदळीचा संथपणा इथे फायद्याचा ठरतो, खणताना माणूस निदान झाडाकडे बघतो तरी. उपाय सोपा आहे. ओळखणाऱ्याने पुढे चालत काढायच्या झाडांना रंगीत फीत बांधायची आणि ओढणाऱ्याने फीत नसलेल्या झाडाला हात लावायचा नाही.

विलायती बाभूळ, म्हणजे वेडी बाभूळ, पुलरला दुरूनच नमस्कार करायला लावते. काट्यांमुळे जबडा बुंध्यापर्यंत नेताच येत नाही. आधी खालच्या फांद्या लॉपरने, म्हणजे लांब दांड्यांच्या दोनहाती कात्रीने, साफ कराव्या लागतात आणि त्या पडलेल्या फांद्यांचे काटे बुटाच्या रबरी तळव्यातून आरपार जातात. शिवाय तिचे फुटव्यांचे डोळे जमिनीखालीही असतात. वर तोडलं, अगदी मातीलगत तोडलं, तरी ती फुटते. मुळाचा तो भाग काढायचा तर वीतभर ते फूटभर खाली जावं लागतं. लहान रोपं पुलरने निघतात, मोठी झाडं पहार-टिकावाची आणि अनुभवी मजुरांची. स्वयंसेवकांच्या एका सकाळीत ती बसत नाहीत.

रानमोडीची मुळं उथळ आणि जाळीसारखी. ओल्या जमिनीत हातानेच येते, पुलर लावला तर जबड्यात देठ चेचतात आणि गड्डा आत राहतो. बुंध्याशी दोन्ही हातांनी धरून, किंचित हलवून सरळ वर ओढायची. फुलोरा येण्याआधी हे झालं पाहिजे. तिच्या बिया केसाळ, वाऱ्यावर उडणाऱ्या. फुलोऱ्यानंतर उपटलेली रानमोडी खांद्यावर टाकून वाटेने नेणं म्हणजे स्वतःच पेरणी करत जाणं. गाजरगवत आणि रानतुळस यांनाही पुलर नको, फुलं येण्याआधी हात आणि खुरपं पुरे. गाजरगवताला मात्र उघड्या हाताने शिवू नये. त्वचेला खाज आणि पुरळ येतं, परागांनी दम्यासारखा त्रास होऊ शकतो. पूर्ण बाह्या, हातमोजे, नाकावर मास्क, आणि ज्यांना आधी ॲलर्जी झाली आहे त्यांना दुसरं काम.

आयलँथस अल्टिसिमा, म्हणजे आपल्या महारुखाचा चिनी भाऊ, थंड मुलखातल्या उद्यानांत डोकेदुखी झालेला आहे. पुलरसाठी तो फसवा. कोवळं रोप छान निघतं, पण जरा मोठ्या झाडाच्या आडव्या मुळांचे तुकडे आत राहतात आणि तुकड्यातुकड्यातून नवे कोंब येतात. एक उपटलं आणि आसपास डझनभर उगवली असं तिथे होतं. बीपासून आलेलं रोप आणि मुळावरचा कोंब यांतला फरक खरवडून बघितल्यावर कळतो: रोपाला स्वतःचं खाली जाणारं मूळ असतं, कोंब आडव्या जाड मुळावर काटकोनात बसलेला असतो. कोंब असेल तर पुलर बाजूला ठेवा.

आणि घाणेरी. बहुतेक श्रमदानं तिच्यासाठीच असतात, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. घाणेरीची जुनी जाळी म्हणजे एका गड्ड्यातून निघालेली दहा-पंधरा खोडं, एकमेकांत आणि शेजारच्या झाडात गुंतलेली, अंगावर उलटे काटे. पुलरच्या जबड्यात यातलं एकच खोड येतं. ते ओढलं की तेवढंच गड्ड्यापासून फाटतं आणि गड्डा जागेवर. पुलरनेच करायचं असेल तर बाकीची खोडं कापायची, सगळ्यात जाड खोडाचा ३०–४० सेंमीचा खुंट ठेवायचा आणि जबडा त्याच्या तळाशी लावायचा. हा खुंट ठेवायला लोक हमखास विसरतात. उत्साहात लॉपरने सगळं मातीलगत छाटून मोकळे होतात, आणि मग पुलरला धरायलाच काही उरत नाही. असं छाटलेलं झुडूप पावसात आधीपेक्षा दाट फुटतं, कारण फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या पट्ट्यातून.

याच निरीक्षणावर दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात काम करून एक पद्धत बसवली. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धतीत पुलर कुठेच नाही, आहे ती कुदळ. मुख्य सोटमूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर तोडायचं, म्हणजे फुटव्यांचा पट्टा झुडपाबरोबरच वर येतो आणि खाली राहिलेलं मूळ फुटत नाही. मग झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आकाशाकडे. घाणेरीच्या फांद्या ओल्या मातीला टेकल्या की तिथेच मुळं धरतात, म्हणून हे उलटं ठेवणं महत्त्वाचं. पद्धत इथे संपत नाही. नंतर येणारी रोपं काढावी लागतात, विशेषतः ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्याखाली, कारण फळं खाऊन बिया तिथेच पडतात. आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक गवतं आणायची.

स्वयंसेवकांच्या दृष्टीने या कुदळीचे फायदे सरळ आहेत. माती जवळजवळ हलत नाही, खड्डा पडत नाही, अवजार हलकं. तोटा असा की नेम लागतो. कुदळ कोनात मारून मुळाच्या कडेने आत घालावी लागते, आणि पहिल्या तासाभरात बहुतेक जण मातीलगत किंवा फार खोल मारतात. तपासायची खूण: निघालेल्या झुडपाखाली मुळाचा दोन-तीन बोटं लांबीचा तुकडा स्वच्छ तुटलेला दिसला पाहिजे. चिरफाळलेलं खोड दिसलं तर पट्टा आत राहिला, पुन्हा मारा. कुदळीचं पातं अरुंद आणि धारदार हवं. शेतातली रुंद, बोथट कुदळ मूळ तोडत नाही, ठेचते. दांडा पात्यात डुगडुगत असेल तर आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवण्यापेक्षा पाचर ठोका. पाण्याने फुगलेलं लाकूड उन्हात आक्रसतं आणि भर कामात पातं उडतं. घाणेरीसाठी कुदळीला साडेचार, पुलरला अडीच. तरुण, दोन-तीन खोडांच्या घाणेरीला मात्र पुलर कुदळीच्या बरोबरीने चालतो.

बाकी अवजारांबद्दल थोडक्यात. लॉपर घ्यायचा तर बायपास प्रकारचा, दोन पाती एकमेकांशेजारून सरकणारा. ऐरणीसारख्या सपाट पट्टीवर पातं आपटणारा लॉपर ओलं लाकूड चेचतो. खोक्यावर ५ सेंमी क्षमता लिहिलेली असली तरी तीन सेंमीच्या वर गेलं की माणूस दांडे पिळायला लागतो, बिजागरीचा नट सैल होतो, पात्यांत फट पडते आणि मग साधी काडीही कापली न जाता दोन पात्यांमध्ये दुमडून बसते. तीन सेंमीच्या पुढे घडीची करवत. ती ओढताना कापते, ढकलताना जोर लावला तर पातं वाकतं. कोयता नवख्यांच्या हातात देऊच नये. त्याचा घाव तिरका बसतो आणि मागे सुळ्यासारखे खुंट राहतात, जे माणसांच्या बुटात आणि जनावरांच्या पायात घुसतात. खुंट ठेवायचाच असेल तर करवतीने आडवा आणि सपाट कापावा.

खुरपं. कुणाला त्याचं कौतुक नसतं, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी परत येऊन रोपं काढायची असतात तेव्हा पुलर, कुदळ, लॉपर सगळं निरुपयोगी असतं आणि खुरप्याशिवाय पान हलत नाही. हातमोजे मात्र कामाप्रमाणे दोन प्रकारचे लागतात. घाणेरी-बाभळीला कोपरापर्यंतचे चामडी, वेल्डरचे असतात तसे. रोपं वेचायला नायट्राइलचा थर दिलेले पातळ. चामड्याच्या मोज्यांनी रोप धरता येत नाही आणि पातळ मोज्यांतून काटा आरपार जातो. एकाच जोडीत दोन्ही भागवायला गेलं की लोक मोजे काढून ठेवतात.

पुलर उद्यानात नेमका कुठे चालवायचा, यावर आमचा आयोजकांशी बहुतेक वेळा मतभेद होतो. सगळ्यात मोठं अवजार सगळ्यात दाट जाळीत, असा साधा हिशेब असतो. ऑस्ट्रेलियात जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात सिडनीच्या परिसरात तण काढताना बरोबर उलटा क्रम लावला: चांगल्या, स्थानिक झाडांच्या जागेपासून सुरुवात करून बिघडलेल्या जागेकडे सरकायचं, माती कमीत कमी हलवायची, आणि स्थानिक झाडं जितक्या वेगाने परत येतात तितक्याच वेगाने पुढे जायचं. पुलर या क्रमात चपखल बसतो. चांगल्या जंगलात शिरलेली सुटी सुटी, कोवळी, एकखोडी झाडं हेच त्याचं काम. ती काढली की आजूबाजूचं गवत आणि रोपं रिकामी जागा स्वतःच भरतात. दाट जाळीत तो नेला की सकाळभर घाम गाळून एक कोपरा उघडा पडतो, तिथे स्थानिक बी नसतं, आणि सहा महिन्यांत घाणेरीच परत येते.

दाट जाळीत शिरण्याला आणखी एक कारण आडवं येतं. राष्ट्रीय उद्यान आहे, आत जनावरं आहेत, आणि जाळी ही त्यांच्या आडोशाची जागा. वनरक्षकाने आधी फिरून पाहिल्याशिवाय जाळीला हात लावू नये. पुलरवाला खाली मान घालून ओढत असतो, त्याला आजूबाजूचं काही दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक गटात एकाने फक्त लक्ष ठेवायचं, आणि हे काम कंटाळवाणं असलं तरी आळीपाळीने करायचं. उद्यानात परवानगीशिवाय तणही उपटता येत नाही, तेव्हा सुट्टीच्या दिवशी स्वतःचा पुलर घेऊन परस्पर कामाला लागण्याचा विचार मनातून काढून टाका.

ढिगाचं काय करायचं हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. फळं नसतील तर झाडं जागेवरच, मुळं वर करून, छोट्या छोट्या ढिगांत. मोठा ढीग वाळला की वणव्याला आयतं सरपण होतो, म्हणून चांगल्या झाडांच्या बुंध्याशी ढीग लावू नये. फळं असतील तर ती वाहून बाहेर नेण्यापेक्षा त्याच ग्रासलेल्या जागेत ठेवणं बरं, नाहीतर गोणपाटातून वाटभर बिया सांडतात. न्यायचीच असतील तर घट्ट विणीच्या, तोंड बांधलेल्या पोत्यातून.

उद्यानासाठी किंवा संस्थेसाठी पुलर विकत घेणार असाल तर दुकानात चार गोष्टी बघा. जबडा पूर्ण खाली केल्यावर मातीपासून किती उंच राहतो: जितका कमी तितका चांगला, पाच सेंमीपेक्षा जास्त असेल तर नको. तळपट्टी हाताच्या पंजापेक्षा रुंद हवी. जबड्याचे दाते झिजल्यावर बदलता येतात की पूर्ण जबडा वेल्ड केलेला आहे, हे विचारा. आणि दांडा दोन तुकड्यांचा असेल तर जोड हलवून बघा. वाहतुकीला तो सोयीचा, पण जोडात खुळखुळ असेल तर ओढीचा जोर तिथेच जिरतो. पकड तपासायला पेन्सिलएवढी वाळकी काडी जबड्यात धरून ओढा. निसटली तर करंगळीएवढ्या रोपांवर हा चालणार नाही. बहुतेक मोठे पुलर या परीक्षेत नापास होतात, त्यात गैर काही नाही, फक्त खरेदीच्या आधी माहीत असावं.

काम संपल्यावर जबड्याच्या दात्यांतली साल आणि माती तारेच्या ब्रशने काढायची, तळपट्टीची खालची बाजूसुद्धा. त्या चिकट मातीत बिया असतात आणि पुलर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या, स्वच्छ भागात जाणार असतो. बुटांचे तळवे आणि पँटची दुमड त्याच जागी झटकायची, गाडीत बसल्यावर नाही. लॉपर आणि करवतीची पाती चीक पुसून स्पिरिटने साफ करावीत. मग पुलरच्या खिळीला दोन थेंब तेल, नटबोल्ट आवळलेले, तळपट्टीच्या वेल्डिंगवर बोट फिरवून चीर नाही ना ते बघायचं. चीर सापडली तर त्या पुलरवर लाल फीत बांधून तो वेगळा ठेवा, नुसता कोपऱ्यात उभा करू नका. पुढच्या श्रमदानाला येणारा पहिला माणूस नेमका तोच उचलतो.